संग्रहालय कोणाचं? सोलापूरकरांकडून सतत येणारे प्रश्न

जुन्या वस्तूंच्या नोंदी करण्याच्या कामात असल्यामुळे हे प्रश्न फोनवर येतात, चहाच्या टपरीवर येतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतात. इथं ते विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. संग्रहालयाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नेमकं काय? वस्तू नीट सांभाळल्या की झालं ना?

सांभाळणं तर हवंच. पण तेवढं काम बँकेचा लॉकरही करतो. ज्यांच्या हातून वस्तू आली त्यांना तिच्याबद्दल बोलायला जागा मिळाली का? गावातल्या माणसाला ती पाहायला सवड, पैसा आणि भाषा यांपैकी काही आड येतं का? शहर जे बोलायला कचरतं तेही तिथं मांडलं जातं का? जबाबदारी या तीन ठिकाणी तपासायची.

एक प्रसंग सांगतो. एका संग्रहालयात काचेच्या पेटीत धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, ठेवला होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘धोटा, लाकूड’. आमच्याबरोबर आयुष्यभर माग चालवलेले एक काका होते. ते वाकून बघत म्हणाले, “हा तर टाकून दिलेला धोटा आहे. टोक बघा, खरखरीत झालंय. असा धोटा फेकला की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात.” पाटीत नसलेली माहिती काकांकडे होती, आणि ती पाटी करताना कुणी त्यांना विचारलं नव्हतं. हा सगळा विषय मला त्या धोट्याजवळ समजला.

२. ही परदेशातून आलेली नवी टूम आहे का?

शब्द तिकडचे आहेत, हे खरं. १९७२ मध्ये चिलीतल्या सांतियागो इथं झालेल्या बैठकीत संग्रहालयानं आसपासच्या लोकांच्या जगण्याशी नातं जोडावं, असा विचार ठामपणे मांडला गेला. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं १९७४ मध्ये आपल्या व्याख्येत ‘समाजाची सेवा’ हे शब्द घेतले. २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग इथं मंजूर झालेल्या नव्या व्याख्येत तर सर्वांना खुलं असणं, सर्वांना सामावून घेणं आणि लोकसमूहांचा सहभाग हे सगळं स्पष्ट आलं.

पण कृती पाहायची तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथं शेतात आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर सापडणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवली. आजचं तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. व्याख्येची वाट पाहत ते बसले नाहीत.

३. सोलापुरात पाहण्यासारखं असं आहे तरी काय?

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारला. केगावला विज्ञान केंद्र आहे. भुईकोट किल्ला आहे. अक्कलकोटला संस्थानचं शस्त्रागार आहे.

नाही ते काय, हे मात्र यादीत लगेच दिसतं. ज्या कापडामुळे या शहराला नाव मिळालं ते विणणाऱ्या माणसांची गोष्ट नीट सांगणारी मोठी जागा या यादीत नाही. पुढचे बरेचसे प्रश्न याच उणिवेतून निघाले आहेत.

४. ‘समाज’, ‘समाज’ म्हणता, पण सोलापुरात कोणता समाज धरायचा?

एक धरलात की चुकलात. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारी लिंगायत घरं, उर्दू-दखनी बोलणारे मोहल्ले, मिलमध्ये कामाला आलेले आसपासच्या खेड्यांतले मराठी लोक, विडी वळणाऱ्या बायका, सेटलमेंटमधली कुटुंबं (त्यांच्याबद्दल ११ मध्ये)... एकाच रिक्षात चार भाषा बसतात असं हे गाव.

म्हणून समितीत ‘समाजाचा प्रतिनिधी’ म्हणून एक वजनदार गृहस्थ घेतले की काम झालं, असं नाही. कांड्या भरणारी, म्हणजे धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळणारी बाई आणि चादरीचा कारखानदार एकाच जातीचे, एकाच पेठेतले असतील, पण मागाबद्दल दोघांची आठवण एक नसते. प्रत्येक वस्तूपाशी विचारायचं: ही वापरली कुणी, तिच्यावर पैसा मिळवला कुणी, आणि पाटी लिहिताना यांतलं कोण हजर होतं?

५. मग पाट्या चार भाषांत लावायच्या का? भिंतच भरून जाईल.

सगळ्याच नकोत. दालनाची मुख्य पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत असावी, बाकी तपशील छोट्या पुस्तिकेत किंवा आवाजात द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजच बरा. आणि मराठी पाटी लिहायची तर मागावरचे शब्द वापरा. ‘वस्त्रनिर्मिती उपकरण’ असं वाचून विणकरही बुचकळ्यात पडतो.

६. आजोबांचा हातमाग आणि जकार्डचे पुठ्ठे माळ्यावर पडून आहेत. भंगारवाला विचारतोय. संग्रहालयाला द्यावेत का?

आधी भंगारवाल्याला थांबवा. विशेषतः पुठ्ठ्यांसाठी. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार यानं पुठ्ठ्यांवरून नक्षी विणण्याची ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याला जिथं भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एका धाग्याला एक पुठ्ठा. म्हणजे तुमच्या माळ्यावर दोरीनं ओवलेली जी माळ आहे, तिच्यात एक अख्खी नक्षी लिहिलेली आहे. माग लोखंडाच्या भावानं गेला तर दुःख होईल, पण तसा दुसरा सापडू शकतो. ती नक्षी बहुधा पुन्हा सापडणार नाही. पुठ्ठ्यांचा क्रम मोडू देऊ नका. दोरी तुटली असेल तर पेन्सिलीनं मागच्या बाजूला आकडे घाला, वाळवी लागली असेल तर वेगळे काढा.

जुनी चादर वा लुगडं असेल तर घडी करून ठेवू नका, घडीवर कापड चिरतं. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून नळीवर लपेटा. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

आता देण्याबद्दल. तोंडी देऊ नका. देणगी आहे की ठरावीक मुदतीसाठी उसनं, हे कागदावर हवं. वस्तूला नोंदवहीत क्रमांक पडला पाहिजे आणि तो तुम्हाला कळला पाहिजे. पाटीवर देणाऱ्याचं नाव येतंच, पण वापरणाऱ्याचंही येईल का, ते विचारा. आजोबांनी माग विकत घेतला असेल, पण आजीनं चाळीस वर्षं कांड्या भरल्या असतील तर तिचं नाव का नको? शिवाय देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्या मागाशेजारी बसवा आणि मोबाइलवर बोलतं करा. लाकडाइतकंच ते रेकॉर्डिंग मोलाचं आहे. (ते कसं करायचं, याचं उत्तर १२ मध्ये.)

७. आम्ही लुगडं दिलं, पण ते कधीच मांडलेलं दिसत नाही. परत मागता येईल का?

देणगीपत्रावर सही केली असेल तर मालकी गेली, परत मागण्याचा हक्क सहसा राहत नाही. उसनं दिलं असेल तर मुदत संपल्यावर येतं. कागदच नसेल तर वाद होतो, आणि बहुतेक वाद असेच असतात.

पण न मांडण्यामागे दरवेळी हेळसांडच असते असं नाही. सुती-रेशमी कापडावर उजेड फार पडू द्यायचा नसतो. ५० लक्स, म्हणजे मंद दिव्याइतका, हा सर्वसाधारण नियम आहे. तोही सलग चालत नाही, काही महिन्यांनी कापड अंधारात विसावायला न्यावं लागतं. सोलापूरच्या उन्हात उघड्या खिडकीसमोर टांगलेलं लुगडं पाहिलंत तर आनंद मानू नका.

तुमची मागणी असावी ती अशी: वस्तू कुठं आहे, कशी आहे, हे सांगा आणि वेळ ठरवून आमच्या घरच्यांना दाखवा. यालाही नकार देणारं संग्रहालय आपलं काम करत नाही. सरकारी किंवा महापालिकेचं असेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली नोंदवहीतली नोंद मागता येते.

८. शेतात मूर्ती किंवा नाण्यांचा गाडगा सापडला तर थेट संग्रहालयात नेऊन द्यावा का?

नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठी-तहसीलदारांमार्फत कळवलं तरी वाट सुरू होते. लपवलं तर शिक्षा आहे. उलट कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही कायद्यात सांगितला आहे.

मूर्ती घासूनपुसून शेंदूर लावण्याआधी जागेचा फोटो काढा. कुठं आणि किती खोलीवर सापडली, ही माहिती गेली की निम्मा इतिहास जातो.

घरात पिढ्यानपिढ्या असलेल्या वस्तूंचा कायदा वेगळा, १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, चित्रं अशा वस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ७५ वर्षांची अट आहे.

९. सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज वर्षभर संग्रहालयात ठेवले तर पर्यटक येतील ना?

पर्यटक येतील, पण त्यांच्यासमोर नुसत्या काठ्या असतील. संक्रांतीच्या दिवसांत पांढरी बाराबंदी घातलेले लोक सात नंदीध्वज पेलून ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, तेव्हा ते नंदीध्वज असतात. ते पेलण्याचा सराव, कुणाचा मान कुठं, कोणती गल्ली कधी, हे ज्ञान मानकऱ्यांच्या अंगात आणि तोंडात आहे. ते त्यांच्याकडून उचलून काचेआड नेणं संग्रहालयाला शोभत नाही.

करण्यासारखं काम दुसरंच आहे. मानकऱ्यांच्या संमतीनं सराव टिपून ठेवणं, बाराबंदी शिवणाऱ्या शिंप्याला विचारणं, गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या, जुन्या दुकानांची आणि पाळण्यांची छायाचित्रं घराघरांतून गोळा करून प्रती काढणं आणि मूळ प्रत मालकाला परत देणं. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवालाही हेच लागू.

१०. मिलचा इतिहास मांडायचा तर बंद पडणं, बेकारी, भांडणंही दाखवायची का? लोकांना अभिमान वाटेल असं काही दाखवा की.

अभिमान दाखवाच. १८७० च्या दशकात इथं पहिली मिल, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम आल्या. गाव भोंग्यावर उठायचं. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. हे कुणी विसरू नये.

पण भोंगा बंद झाला त्या दिवशी घरात काय झालं, हे विचारलं नाही तर तुम्ही अर्ध्या शहराला संग्रहालयाबाहेर ठेवलंत. भोपाळमध्ये वायूपीडितांनी २०१४ मध्ये स्वतःचं संग्रहालय उभं केलं, सरकारचे आणि कंपन्यांचे पैसे न घेता. तिथं मेलेल्या लेकराचा झबला आहे आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की आईचा आवाज ऐकू येतो. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अनाकोस्तिया वस्तीतल्या संग्रहालयानं १९६९ मध्ये उंदरांवर प्रदर्शन भरवलं, कारण वस्तीतल्या लोकांची रोजची डोकेदुखी तीच होती. सोलापुरात असं प्रदर्शन भरवायचं म्हटलं तर मी पाण्यावर भरवीन. किती दिवसांआड नळ येतो आणि त्यासाठी घरात काय काय भरून ठेवलं जातं, एवढंच. घागर, पिंप, टाकी, टोप. रांग लागेल.

११. सेटलमेंटबद्दल काही मांडावं का? तो विषय नाजूक आहे.

नाजूक आहे म्हणूनच नीट मांडावा. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी अशा समाजांना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं गेलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवलं, हजेरी लावली आणि मिलमध्ये कामाला धाडलं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण वस्तीचं नाव ‘सेटलमेंट’ असंच राहिलं. मिलच्या भरभराटीची गोष्ट या कुंपणाशिवाय सांगितली तर ती खोटी ठरते.

इथं चुका कुठं होतात ते सांगतो. पाटीवर ‘गुन्हेगार जमाती’ असं सरळ लिहिलं जातं, जणू ते त्या लोकांचं नावच आहे. ‘ज्यांना इंग्रज सरकारच्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलं’ असं लिहा, म्हणजे ठरवणारा कोण ते वाचणाऱ्याला दिसेल. दुसरी चूक फोटोंची. त्या काळातले सरकारी फोटो बहुतेक लोकांना रांगेत उभं करून काढलेले, त्यांच्या मनाविरुद्ध. ते मोठे करून भिंतीवर लावण्याआधी वस्तीतल्या घरांना दाखवा. कुणी म्हणेल, “ही माझी पणजी आहे, लावू नका.” तर लावू नका. कुणी म्हणेल, “लावा, पण खाली तिचं नाव लिहा.” तर नाव लिहा. दोघंही बरोबर आहेत, आणि एकच नियम करून या दोघांचं समाधान होत नाही.

तिसरी चूक चांगल्या माणसांकडून होते: फक्त दुःख मांडायचं. कुंपणाआडही लग्नं झाली, गाणी झाली, शाळेत पहिला आलेला पोरगा निघाला. तेही हवं.

१२. म्हाताऱ्या विणकरांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. नुसतं रेकॉर्ड केलं तर चालेल ना?

संमती दोनदा घ्या. एकदा सुरुवातीला, आणि एकदा बोलून झाल्यावर, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळतं. मालकाचं नाव, कर्ज, घरातलं भांडण असं काही निघालं असेल तर तो भाग किती वर्षं बंद ठेवायचा ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्या भाषेत विचारा. तेलुगूत आयुष्य काढलेल्या माणसाला मराठीत विचारलंत तर उत्तरं आखूड येतात. एक प्रत त्यांच्या घरी पोचलीच पाहिजे.

आणि नंतर फोन आला, “माझं नाव काढा”, तर? काढायचं. कारण विचारू नये.

१३. संग्रहालयातल्या जुन्या चादरीच्या नक्षीचा फोटो काढून कुणी छापील माल विकला तर?

हा अलीकडे वाढलेला आणि खरोखर अवघड प्रश्न. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव राखतं. दुसरीकडे बनवलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकता येत नाही. प्रत्येक जुनी नक्षी मात्र त्यानं राखली जात नाही. रचना कायदा, २००० खालीही संरक्षण नोंदलेल्या नव्या नक्षीला, आणि तेही जास्तीत जास्त पंधरा वर्षांचं. आजोबांच्या काळातली नक्षी त्यात बसत नाही.

म्हणजे कायद्याचा हात इथं तोकडा पडतो, आणि संग्रहालयाची जबाबदारी नेमकी तिथं सुरू होते. घरगुती पाहणीसाठी फोटो काढू द्यावेत, पण व्यापारी वापरासाठी मोठी प्रत हवी असेल तर लेखी परवानगी आणि शुल्क ठेवावं, त्यातला वाटा नक्षी देणाऱ्या घराला जावा. सगळं बंद करून टाकणंही चूक आहे. पेठेतल्या तरुण विणकरालाच ती नक्षी पुन्हा विणायची असेल तर त्याला फुकट आणि आधी.

१४. तिकीट लावावं का? आणि वेळ?

दहा-वीस रुपयांपेक्षा वेळ जास्त आड येते, असा माझा अनुभव आहे. अकरा ते पाच उघडं असलेलं संग्रहालय यंत्रमागावरच्या कामगाराला कधीच उघडं नसतं. विडी वळणारी बाई दुपारी माल द्यायला कारखान्यात जाते, तिला मोकळीक कधी ते तिलाच विचारा. आठवड्यातून एक संध्याकाळ आठपर्यंत उघडं ठेवा. शिवाय येता येत नसेल त्यांच्याकडे जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून प्रदर्शन फिरवलं. आपल्याला बस नको, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत एक टेम्पो आणि सहा पेट्या नेल्या तरी पुरे.

१५. चाकाची खुर्ची, अंध माणसं यांची सोय सक्तीची आहे का?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सार्वजनिक जागांना लागू आहे. जुन्या वाड्यात उतार करणं अवघड, हे खरं, पण तळमजल्यावर हात लावून पाहण्याच्या पाच वस्तू ठेवायला कोण अडवतं? धोटा, कांडी, पुठ्ठा आणि सुताच्या दोन गुंड्या ठेवा. पाहणारे लोकही हात लावतात, हे बघालच.

१६. एखाद्या कारखानदारानं सगळा खर्च उचलायचं कबूल केलं तर?

घ्या, पण आधी एक ओळ लिहून घ्या: दालनात काय मांडायचं हे देणगीदार ठरवणार नाही. ज्याच्या कारखान्यात पगार थकले होते त्याच्याच पैशातून ‘कामगारांचं जीवन’ दालन होणार असेल, तर त्या कामगारांना बोलावून विचारा. ते ‘घ्या, आमच्याच घामाचे आहेत’ असंही म्हणतील.

१७. आमच्या मंडळाकडे एक खोली आहे, निधी नाही. सुरुवात कशी करावी?

वही, पेन्सिल, मोबाइल. खोली रिकामीच राहू द्या. पहिले सहा महिने वस्तू आणू नका, फक्त त्या कुठल्या घरात आहेत याची यादी करा, त्यांच्या गोष्टी टिपा आणि फोटोंच्या प्रती काढा (संमतीसाठी १२, फोटोंसाठी ९ आणि ११ पाहा). मग एका रविवारी ज्यांच्या वस्तू त्यांनीच आणून, स्वतः शेजारी बसून दाखवायच्या, संध्याकाळी घरी न्यायच्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवलीत तर गर्दीची काळजी नको. जोधपूरजवळच्या अरना-झरना संग्रहालयानं साध्या केरसुण्यांभोवती अख्खं काम उभं केलं. केरसुणी कोण बांधतं, कुठल्या गवताची, कुणाच्या हातात जाते, एवढंच विचारत.

सहा महिन्यांनी यादी वाचा. बहुधा कळेल की खोली छोटी आहे, आणि निम्म्या घरांना वस्तू देण्यापेक्षा स्वतःच्याच दारात चार लोकांना दाखवायला आवडेल.